मदत हवी आहे: ‘ई’ खूण नसलेली गाणी मुलांसाठी कशी पारखायची?

मुलगी 10 वर्षांची, मुलगा 7 चा, टॅब एकच. स्पॉटिफायवर एक्स्प्लिसिट (शिवराळ किंवा प्रौढ शब्दांची, ‘ई’ खूण असलेली) गाणी बंद आहेत, यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड (प्रौढांसाठीचे व्हिडिओ गाळणारी सोय) चालू आहे. तरी बरंच काही सुटतं. ‘ई’ ही खूण गाण्याचे हक्कदार देतात त्या माहितीवरून लागते आणि ती मुख्यतः शब्दांपुरती असते. शिवी नसली की गाणं बहुतेकदा बिनखुणेचं, मग व्हिडिओत दारू असो की मारामारी. ‘क्लीन’ आवृत्तीत शब्द दाबतात, आशय तोच राहतो. आणि गाळलेला शब्द मुलांना बरोबर कळतो.

सध्याची पद्धत अशी: आधी गाण्याचे शब्द वाचायचे, मग व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघायचा. ठेका नसला की दृश्यं जास्त स्पष्ट जाणवतात. पण त्याच गाण्याचे रीमिक्स, चाहत्यांनी केलेले शॉर्ट्स, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, एवढं सगळं आधी बघणं अशक्य आहे.

यूट्यूब किड्स मुलीला बाळबोध वाटतं. सरसकट बंदीही नको आहे, कारण मैत्रिणींकडे ती हीच गाणी ऐकते आणि मग प्रश्न विचारणं थांबेल.

खरी अडचण शिव्यांची नाहीच. प्रेमाच्या नावाखाली पाळत ठेवणं, ‘नाही’ला ‘हो’ समजणं, असं गोड चालीत येतं तेव्हा 10 आणि 7 या वयांसाठी रेषा कुठे आखता? आणि यूट्यूबच्या पालक-देखरेखीच्या खात्यात 9 वर्षांपुढची ‘एक्सप्लोर’ पातळी वापरणाऱ्यांनी सांगावं: म्युझिक व्हिडिओंच्या बाबतीत ती रिस्ट्रिक्टेड मोडपेक्षा खरंच बारीक गाळते का?