डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयूची बेरीज मात्र निम्मीच

प्रश्न:
उबुंटू सर्व्हर, रूट पार्टिशन (सिस्टिम असलेला डिस्कचा मुख्य भाग) ईएक्सटी4 फाइलसिस्टिमचं, 39 जीबी. `डीएफ -एच /` ही डिस्कचा वापर दाखवणारी कमांड मारली की वापर 37 जीबी, शिल्लक 0, 100%. फाइल्सच्या साइजची बेरीज करणारं `सुडो डीयू -एक्सएसएच /` मात्र 17 जीबीच दाखवतं. मधले 20 जीबी कुठे आहेत? /व्हार/लॉग मधली एक अवाढव्य लॉग फाइल काल आरएमने (डिलीट करायच्या कमांडने) उडवली, तरी जागा जराही मोकळी झाली नाही. शिवाय 39 मधून 37 वजा केले तर 2 जीबी तरी शिल्लक दिसायला हवेत ना? सर्व्हर रीस्टार्ट करता येणार नाही.

उत्तर 1:
उडवलेली लॉग फाइलच ती जागा धरून बसलीय. डीएफ थेट फाइलसिस्टिमचा हिशेब वाचतं, डीयू फोल्डरमागून फोल्डर फिरून दिसेल त्या फाइलची बेरीज करतं. आरएमने फक्त नाव जातं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती फाइल उघडी ठेवली असेल तर फाइल बंद होईपर्यंत तिचे ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची जागा, सुटत नाहीत. नावच नाही, म्हणून डीयूला ती सापडत नाही.

`सुडो एलएसओएफ +एल1` चालवा. नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइल्स मिळतील. एनलिंक (फाइलला उरलेली नावं) रकान्यात 0 असेल आणि साइजचा आकडा बाइटमध्ये असेल, म्हणजे 20 जीबी 21474836480 च्या आसपास दिसतील. त्या ओळीतला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि एफडी (त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा नंबर, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर) टिपून घ्या.

उत्तर 2:
2 जीबीचं उत्तर वेगळं आहे. ईएक्सटी4 मुळात 5% जागा रूट युजरसाठी (अ‍ॅडमिनसाठी) राखून ठेवतं. 39 चे 5% म्हणजे जवळपास 2 जीबी. `ट्यून2एफएस -एम 1` पुढे डिव्हाइसचं नाव देऊन ती 1% वर आणता येते, डिस्क माउंट केलेली (फोल्डरला जोडून वापरात) असतानाही. पण रूट पार्टिशनवर हे करू नका. डिस्क गच्च भरल्यावर लॉगिन करून साफसफाई करायला तीच जागा कामी येते. निव्वळ डेटाच्या डिस्कवर खुशाल करा.

प्रश्नकर्ता:
सापडली. पीआयडी 1482, एफडी रकान्यात 4डब्ल्यू, साइज 21 वरून सुरू होणारा अकरा आकडी. आता ही प्रोसेस किल करू का?

उत्तर 1:
नको, किल करायची गरज नाही. 4 हा डिस्क्रिप्टरचा नंबर, डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडी. `सुडो ट्रंकेट -एस 0 /प्रॉक/1482/एफडी/4` मारून फाइल रिकामी करा, जागा तिथल्या तिथे सुटेल. त्यातला मजकूर हवा असेल तर आधी त्याच पाथवरून सीपीने (कॉपीच्या कमांडने) दुसऱ्या डिस्कवर काढा, नंतर मिळणार नाही. सुडोनंतर `>` वापरून रिकामी करायला जाल तर परमिशन डिनाइड येईल, कारण `>` पुढची फाइल तुमचा शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) उघडतो, सुडो नाही.

उत्तर 3:
यात एक भर घालतो. प्रोसेस अपेंड मोडमध्ये (दर वेळी फाइलच्या शेवटी) लिहीत नसेल तर ट्रंकेटनंतरही ती जुन्या ऑफसेटवरूनच (फाइलमधल्या जुन्या जागेपासूनच) पुढे लिहिते. मग साइज पुन्हा 20 जीबी दिसतो, पण मधला भाग पोकळ असतो, डिस्कवर जागा खात नाही. घाबरू नका, डीएफ बघा.

मूळ दुखणं लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग बाजूला काढून नवी फाइल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दुरुस्त करा. त्याच्या पोस्टरोटेट भागात, म्हणजे लॉग बदलल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये, सर्व्हिसला फाइल पुन्हा उघडायचा सिग्नल द्या, एनजिनएक्स वेब सर्व्हरला यूएसआर1 सिग्नल लागतो. असा सिग्नल न कळणाऱ्या प्रोग्रॅमला कॉपीट्रंकेट (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करायचा पर्याय) चालतं, फक्त कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवू शकतात.

आणि एलएसओएफ रिकामं आलं असतं तर? तेव्हा माउंटखाली दडलेल्या फाइल्स तपासायच्या. /डेटा वर डिस्क माउंट व्हायच्या आधी त्या फोल्डरात काही लिहिलं गेलं असेल तर ते रूट पार्टिशनवरच राहतं आणि माउंटमुळे झाकलं जातं. `सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी` करून `सुडो डीयू -एसएच /एमएनटी/डेटा` बघा, मग यूमाउंट करा.

प्रश्नकर्ता:
ट्रंकेटनंतर डीएफमध्ये वापर 17 जीबी, शिल्लक 20. सर्व्हिस चालूच आहे. पोस्टरोटेट आज लावतो.