मदत हवी आहे: क्रूझच्या भोजनगृहात फक्त दोघांचे टेबल पक्के कसे करावे?

नमस्कार. माझे आईवडील येत्या हिवाळ्यात सिंगापूरहून सुटणाऱ्या आणि पिनांग, फुकेत करून परतणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या क्रूझवर जाणार आहेत. दोघे खानापूरला राहतात. जहाजाचा त्यांचा हा पहिलाच प्रवास आहे. व्हिसा, विमा, बेळगावहून बंगळूरमार्गे विमान ही कामे एजंटाने मार्गी लावली आहेत, त्यामुळे त्यांविषयी काही विचारायचे नाही. प्रश्न एकच आहे आणि तो वरवर किरकोळ वाटेल: मुख्य भोजनगृहात रात्रीच्या जेवणाला या दोघांनाच बसता येईल, असे टेबल मिळवण्याचा खात्रीचा मार्ग कोणता?

कारण असे की बाबांच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. शांत खोलीत त्यांचे काही अडत नाही. पण जिथे दहाजण एकदम बोलतात आणि भांड्यांचा खणखणाट चालू असतो, तिथे यंत्र समोरच्याच्या बोलण्याबरोबर तो गोंगाटही मोठा करून कानात ओतते. लग्नकार्यात बाबा पंगतीच्या टोकाला भिंतीकडे पाठ करून बसतात, आई त्यांच्या उजव्या हाताला बसते आणि कोणी काही विचारले की त्यांच्याकडे पूर्ण वळून तेच पुन्हा सांगते, कारण तिचे ओठ दिसले की निम्मे काम होते. घरच्या कार्यात हे खपून जाते. अनोळखी सात-आठजणांमध्ये, तेही हिंदी-इंग्रजी गप्पांत, रोज रात्री हेच करावे लागले तर आईच्या पोटात धड घास जाणार नाही, आणि बाबा दुसऱ्या दिवसापासून ‘मला भूक नाही’ म्हणून केबिनमध्ये बसून राहतील. शिवाय आई शुद्ध शाकाहारी आहे. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यावर ती बोलणार नाही, पण जेवणारही नाही.

मला आतापर्यंत समजले ते असे. जेवणाच्या दोन पद्धती असतात. एकीत वेळ, टेबल आणि वाढपी ठरलेले असतात. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला आणि दुसरी आठच्या सुमारास बसते. दुसऱ्या पद्धतीत, जिला ही कंपनी ‘माय टाइम डायनिंग’ म्हणते, आपल्या सोयीच्या वेळी जाऊन मिळेल त्या टेबलावर बसायचे असते. आमच्या एजंटाने ‘दोघांचे टेबल’ अशी नोंद केली आहे, मात्र ती विनंती असते, हमी नसते, हेही त्यानेच सांगितले. त्यात भर म्हणजे आईबाबा एका सहल कंपनीच्या ग्रुपबरोबर जात आहेत आणि ‘आमच्या सगळ्यांची टेबले एकत्रच असतात, मजा येते’ असे त्या कंपनीचे उत्तर आहे. मजेला माझी ना नाही, पण या दोघांना त्यातून बाहेर कसे काढावे? पद्धत कोणती निवडावी? आणि जहाजावर पोहोचल्यावर कोणाशी बोलावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (निपाणी): मी क्रूझच्या भोजनगृहात नोकरी केली आहे, म्हणून आतल्या बाजूने सांगतो. आपली खरी अडचण दोघांच्या टेबलाची नसून ग्रुपची आहे. सहल कंपनी आपल्या प्रवाशांची आरक्षणे जेवणासाठी एकमेकांना जोडून देते, आणि जहाज सुटण्यापूर्वी टेबले वाटताना जोडलेली माणसे एका पट्ट्यात बसवली जातात. तिथे एकट्या प्रवाशाची नोंद मागे पडते. म्हणून कंपनीला ईमेल करून फक्त जेवणापुरते आईवडिलांचे आरक्षण वेगळे करायला सांगा आणि उत्तर लेखीच घ्या. केबिन आणि किनाऱ्यावरच्या सहली ग्रुपबरोबरच राहू शकतात.

दुसरे म्हणजे, बाबांच्या ऐकण्याची अडचण ‘आवड’ म्हणून नव्हे, ‘गरज’ म्हणून नोंदवा. मोठ्या क्रूझ कंपन्यांकडे अशा गरजांसाठी वेगळा अर्ज असतो आणि तो एजंटमार्फत आधीच भरता येतो. भोजनगृहाच्या प्रमुखासमोर दोघांचे टेबल मागणारे पुष्कळ येतात. अशा वेळी ज्याची गरज कागदावर आहे, त्याचे पारडे जड असते.

आता एक गोष्ट, जी जहाजावर चढेपर्यंत कोणी सांगत नाही. दोघांची टेबले बहुधा खिडकीलगत किंवा भिंतीलगत एका ओळीत मांडलेली असतात आणि दोन टेबलांत जेमतेम एका माणसाला आडवे होऊन जाता येईल इतकेच अंतर असते. नावाला टेबल दोघांचे; पण शेजारच्या जोडप्याचे प्रत्येक वाक्य ऐकू येते. त्यामुळे नुसते ‘दोघांचे टेबल’ मागू नका. ओळीच्या टोकाचे, पाठीशी भिंत असलेले, आणि मुख्य म्हणजे वाढप्यांच्या खणापासून दूर असलेले टेबल मागा. त्या खणात उष्ट्या बशा रचल्या जातात आणि काटे-चमचे टाकले जातात. श्रवणयंत्र लावणाऱ्याला त्याइतका त्रास दुसऱ्या कशाचा होत नाही. स्वयंपाकघराचे दार आणि मधला जिना हेही टाळा.

पद्धत म्हणाल तर ठरलेल्या वेळेची, आठची पंगत घ्या. खानापूरच्या माणसाला साडेपाचला जेवण जाणार नाही, हे एक. दुसरे, रोज तोच वाढपी असतो, त्यामुळे बाबांशी समोर येऊन सावकाश बोलायचे हे त्याला एकदाच सांगावे लागते. आईंसाठीही हेच बरे: हेड वेटर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे शाकाहारी पदार्थ विचारून ठेवतो. मात्र आठच्या पंगतीत दोघांचे टेबल नाहीच मिळाले, तर ‘माय टाइम’कडे वळा, कारण तिथे टेबल त्या त्या वेळी रिकामे होईल तसे मिळते आणि थोडे थांबण्याची तयारी असेल तर स्वतंत्र टेबल मागता येते.

जहाजावर चढल्याच्या दिवशी दुपारी भोजनगृहाचा प्रमुख टेबले बदलून देण्यासाठी ठरावीक वेळ बसतो. ती वेळ दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि ॲपवर असते. केबिन मिळण्याची वाट न पाहता तिथे आधी जावे. पहिल्या रात्री जमले नाही तरी हिरमुसू नये. कोण आले नाही हे त्या रात्री कळते आणि दुसऱ्या दिवशी टेबले हलतात. आधीच हातात पैसे ठेवण्याची गरज नाही. सेवाशुल्क बिलात धरलेलेच असते, आणि खूश होऊन द्यायचेच असेल तर शेवटच्या रात्री द्यावे.

प्रतिसाद (शहापूर, बेळगाव): मुख्य भोजनगृहाचाच आग्रह का? त्याच वेळी वरच्या मजल्यावरचा बुफे बहुधा उघडा असतो, खिडकीशी दोघांची टेबले असतात आणि कोणाची परवानगी लागत नाही. एखाद्या रात्री जादा पैसे देऊन खास रेस्टॉरंटमध्येही बसवता येईल; तिथे गर्दी कमी असते. बाकी माझे मत विचाराल तर एक रात्र ग्रुपबरोबर बसू द्या. चार ओळखी होतील.

मूळ प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. बुफेचा पर्याय राखून ठेवतो, परंतु हातात ताट घेऊन फिरणे बाबांना जमणार नाही, गुडघ्यांमुळे. ग्रुपबरोबर बसायचे की नाही हे त्या दोघांवर सोडतो. मला फक्त ती सक्ती नको आहे. सहल कंपनीने जेवणाचे आरक्षण वेगळे करण्यास मान्यता दिली आहे आणि गरजेचा अर्ज एजंट या आठवड्यात पाठवत आहे. एक शंका उरते. समजा ‘माय टाइम’ घ्यावे लागले, तर त्याची वेळ आधी राखून ठेवता येते असे वाचले. आईबाबांना ॲप वापरता येत नाही. मी बेळगावात बसून ते करू शकेन का?

प्रतिसाद (निपाणी): हो. त्यांच्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडा, आरक्षण क्रमांक जोडा आणि प्रवासापूर्वीच प्रत्येक रात्रीची वेळ राखून ठेवा. रोज एकच वेळ घ्या. त्याचा छापील कागद बाबांच्या खिशात द्या, आणि त्याच कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहा: ऐकू कमी येते, भिंतीकडचे दोघांचे टेबल हवे. दारातल्या माणसाला तो कागद दाखवला की पुरे.