मुक्त विद्यापीठातून बीए: नाशिककराचा अनुभव

ताई, तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून बीए करावं का, आणि "आर्ट्सला काय अर्थ" म्हणणाऱ्यांना काय सांगावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, मीही ते टोमणे खाल्लेत. पहिल्याचं आहे.

मी सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं. १९८९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच गंगापूर धरणाजवळ आहे. पुस्तकं मराठीत आणि स्वतः वाचून समजतील अशी. पण नुसत्या त्या पुस्तकांवर राहू नका, परीक्षेपुरतंच होतं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हा (१८४० पासूनचं आहे ते!).

इतिहास घेणार असाल तर पांडवलेण्यांत नक्की जा. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, मुलगा राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करणारा. लहानपणी सहलीला तिथे आम्ही फक्त माकडं पाहिली होती. सातवाहन वाचून गेलो तेव्हा त्या भिंतीसमोर तासभर उभा होतो, बायको खाली पायऱ्यांवर वैतागून बसलेली.

आणि हो, गृहपाठ शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मी ढकलले होते. रात्रपाळीच्या डब्यासोबत वह्या नेल्यात.