मदत हवी आहे: टांझानियात मिशन इंटर्न आहे, गावाकडच्या चर्चच्या मंडळीला खरं पत्र कसं लिहू?

रानजाई

सर्वांना सलाम. जरा लांबलंय, पण वाचा.

मी २३ वर्षांची, नगर जिल्ह्यातली. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांसाठी मिशन इंटर्न म्हणून टांझानियात आले. किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी शहर आहे, त्याच्या जवळचं गाव. इथल्या लुथरन चर्चच्या मंडळीत शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशाळा), शाळा सुटल्यावर मुलांना इंग्रजी आणि बायकांच्या गटात थोडी मदत, असं काम आहे. एका कुटुंबात राहते. घरच्या बाईंना सगळे मामा म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई आणि दादा म्हणजे बहीण. कुणी मला 'दादा' अशी हाक मारली की घरचा दादा आठवतो आणि पोटात तुटतं.

माणसं फार मायाळू आहेत, हे आधीच सांगते. तरी मला जमत नाहीये.

गावाकडच्या आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्या तिकिटासाठी वर्गणी काढली. कांद्याला भाव नव्हता त्या वर्षी ज्यांच्या घरात काय हाल झाले ते मी पाहिलेत, त्यांनीसुद्धा पाकिटं दिली. दर महिन्याला मी पत्र पाठवायचं आणि पाळकसाहेब ते रविवारी उपासनेत वाचून दाखवतात. दोन पत्रं गेली. दोन्हींत 'देवाच्या कृपेने सर्व उत्तम आहे' असं लिहिलं. खरं म्हणजे मच्छरदाणीत शिरले की रडू येतं. प्रार्थना होत नाही. जेवणाआधी मला प्रार्थना करायला सांगतात, मी इंग्रजीत चार वाक्यं म्हणते आणि ती माझी वाटत नाहीत.

मागच्या महिन्यात बायकांच्या गटाची बैठक 'सा तिसा'ला आहे असं सांगितलं. तिसा म्हणजे नऊ. मी सकाळी नऊला जाऊन चर्चच्या बंद दाराशी दीड तास बसले आणि परत आले. इथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सा तिसा हे दुपारचे तीन! दुपारी वीसेक बायका माझी वाट बघत बसल्या. कुणी रागावलं नाही, पण तेव्हापासून त्यांच्यासमोर जायला लाज वाटते.

रस्त्यात पोरं 'म्हिंदी, म्हिंदी' ओरडतात, म्हणजे भारतीय. इथे भारतीय म्हणजे दुकानदार, हिंदू नाहीतर मुसलमान. मी ख्रिस्ती आहे म्हटलं की विचारतात, तू कधी झालीस? नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. इथे किलिमांजारोवर लाइपझिगचे जर्मन मिशनरी १८९३ मध्ये आले. म्हणजे पणजोबांच्या काळी ख्रिस्ती झाल्याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, हे मला त्यांना सांगायचं असतं. माझ्या तोडक्या स्वाहिलीत ते सांगताच येत नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर अंगणात लिलाव होता. ज्यांच्याकडे रोकड नसते ते अंडी, केळ्यांचा घड, कोंबडी असं अर्पण आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. एका आजींनी पपई घेतली आणि सरळ माझ्या हातात ठेवली. मी 'आसांते' (धन्यवाद) म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले. त्या फक्त 'पोले, पोले' म्हणत माझं मनगट धरून उभ्या राहिल्या. पोले म्हणजे 'सॉरी', पण स्वतःची चूक नसतानाही म्हणतात, समोरच्याला त्रास होतोय म्हणून.

ज्या संस्थेमार्फत आले तिथल्या समन्वयकांना फोन केला. 'सुरुवातीला असंच होतं, प्रार्थना करा' एवढंच म्हणाले.

तिसरं पत्र या आठवड्यात द्यायचंय. खरं लिहिलं तर लोकांना आपले पैसे वाया गेले असं वाटेल का? आणि पुढ्यात नाताळ आहे, घराबाहेरचा पहिलाच. परत यावं का, हाही विचार येतो.

मिरजेची सिस्टर

रानजाई, मला तुझ्याएवढी मुलगी आहे, म्हणून अगं-तुगं करते. मी मिरजेला नर्सिंग केलं आणि पुढे चार वर्षं डोडोमाकडे मिशनच्या दवाखान्यात होते.

आधी तब्येत. ताप, कणकण, अंगदुखी असेल तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी कर, नुसती क्रोसिन घेऊन बसू नकोस. तसं काही नसेल पण झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलंच असेल, तर मोशीत केसीएमसी हे मोठं रुग्णालय आहे, तिथे जाऊन बोल. रडू येणं हा विश्वासाचा कमीपणा नाही गं.

वेळेचं सोपं आहे, सहा तास मिळवायचे. 'सा मोजा' (मोजा म्हणजे एक) म्हणजे सकाळचे सात. प्रत्येक वेळी सकाळी की दुपारी, एवढं विचारून घे. बायकांच्या गटाला फोन नको, जातीने जा. म्हाताऱ्यांना आधी 'शिकामो' म्हण, मग घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, सगळं विचार. कामाचं शेवटी. आपण भारतीय धाडकन मुद्द्यावर येतो, ते त्यांना तुटक वाटतं.

आणि जेव गं नीट! उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, रोज घशाखाली उतरत नसेल तर बाजारात 'उवेले'चं पीठ माग, ती आपली बाजरी. 'म्तामा' म्हणजे ज्वारी, 'उलेझी' म्हणजे नाचणी. म्चिचाची भाजी म्हणजे आपला माठच, लसूण-मिरचीवर परत. म्बाझी म्हणजे तूर. हे सगळं तिथे पिकतं, भारतीय दुकानात महागात घ्यायची गरज नाही.

जेवणाची प्रार्थना मराठीत कर. मी करायचे. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

नाताळचं म्हणशील तर डिसेंबरात दार-ए-सलामला गेलेले सगळे चागा, म्हणजे तिथले मूळचे लोक, किलिमांजारोला घरी येतात. तुझं घर इतकं भरेल की निजायला जागा शोधावी लागेल.

पाळकीणबाई

बाळा, मी पत्र ऐकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्या मंडळीतला एक मुलगा ईशान्येकडे सेवेला गेला होता. त्याची पत्रं सगळी 'सर्व उत्तम'. पाचव्या महिन्यात तो अचानक परत आला आणि आम्हाला त्याला काय विचारावं तेच कळेना. आम्ही पाच महिने प्रार्थना केली ती भलत्याच मुलासाठी, असं मला अजून वाटतं.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात लिहिलंय की आशिया प्रांतात आमच्यावर एवढं ओझं आलं की जगण्याचीही आशा सोडली होती. ते पत्रही मंडळीसाठीच होतं ना? तू सा तिसाची गोष्ट लिही, पपईची लिही. समन्वयकांबद्दलचं मात्र पाळकसाहेबांना वेगळं कळव, ते उपासनेत वाचायचं नाही. परत येण्याचा निर्णय नाताळनंतर घे, आत्ता नको.

रानजाई

सिस्टर, पाळकीणबाई, दोघींचे मनापासून आभार. काल बायकांच्या गटात जाऊन आले. वीस 'शिकामो' झाले. ज्यांनी बैठकीची वेळ सांगितली होती त्याच पोले म्हणाल्या.

रात्री जेवणाआधी मराठीत प्रार्थना केली, 'हे आमच्या स्वर्गातील बापा'. आमेन झाल्यावर मामा म्हणाली, बापा म्हणजे बाबाच ना? त्यांची प्रभूची प्रार्थना 'बाबा येतू' अशी सुरू होते. मग तिने मला परत म्हणायला लावली आणि धाकट्या दोघांना मागून म्हणायला लावली.

पत्र लिहून झालंय. सुरुवात अशी केलीय: 'मागच्या दोन पत्रांत मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं.' आज रात्री पाठवते. इथे आठ वाजतात तेव्हा घरी साडेदहा, आई झोपलेली असेल, सकाळी वाचेल.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. उवेलेचं पीठ मिळालं, पण भाकरी थापतानाच चिरते. पीठ जाडसर आहे. कढत पाणी घालून उकड काढून बघू का, की आधी चाळून घेऊ?