अ‍ॅपइमेज उघडेना, लिबफ्यूज मागते

देवगडचो झिलगो: आंब्याच्या पेट्यांची लेबलं काढायला एक अ‍ॅपइमेज उतरवली, म्हणजे अख्खा प्रोग्राम एकाच फाइलीत. माझं लिनक्स उबुंटू 24.04. डबल क्लिक केलं, ढिम्म. टर्मिनलवर ‘लिबफ्यूज.एसओ.2’ ही लायब्ररी फाइल सापडत नाही म्हणतो. काल दुपारभर लाईट नव्हती, आज हे!

मालवणकर: अ‍ॅपइमेज स्वतःला फ्यूजने (फाइल डिस्कसारखी जोडायची सोय) माउंट करते, आणि बऱ्याच अजून जुनी आवृत्ती 2 मागतात. 22.04 पासून ती उबुंटूबरोबर येत नाही. तिचं पॅकेज ‘लिबफ्यूज2टी64’ बसव. नुसतं ‘फ्यूज’ पॅकेज नको रे बाबा! त्याने नवं फ्यूज3 उडालं, माझा डेस्कटॉपही गेला होता.

गुहागरची ताई: फ्यूज 3 च्या फाइलला 2 नावाची लिंक देऊ नका, आतली रचनाच वेगळी. घाई असेल तर ‘--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ हा पर्याय टर्मिनलवर लावून चालवा, फ्यूज लागतच नाही.

देवगडचो झिलगो: टी64 बसवलं, उघडलं! आता प्रिंटरची शाई संपलीय.