मदत हवी आहे : पावसाळ्यानंतर तेलाच्या फिल्टरमध्ये लोखंडी कण, इंजिन आताच उघडावे की थोडे उडवून पाहावे?

सर्व सभासदांस नमस्कार.

मी वडोदऱ्याचा रहिवासी असून माझे सुपर डेकॅथलॉन हे दोन आसनी विमान हरणीच्या विमानतळावर भाड्याच्या हँगरमध्ये असते. विमान १९९६ सालचे आहे आणि त्याला लायकॉमिंगचे एईआयओ-३६० हे १८० अश्वशक्तीचे इंजिन आहे. शेवटच्या ओव्हरहॉलला (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीला) सात वर्षे झाली, पण तेव्हापासून इंजिन अवघे ३१० तास चालले आहे. हे विमान अधिक ६ ते उणे ५ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट ताण) सोसण्यासाठी बांधलेले असले, तरी हवाई कसरतींत माझी मजल लूप, स्लो रोल आणि हॅमरहेड यांच्यापलीकडे जात नाही. उणे जी मला पंचावन्नाव्या वर्षी मानवतही नाही. त्यामुळे इंजिनाला मी फार ताण दिला, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

अडचण आहे ती न उडण्याची. आमच्याकडे जूनच्या अखेरीपासून ढग इतके खाली येतात की कसरतींसाठी लागणारी उंची मिळतच नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराने शहर ठप्प झाले, त्या वर्षी विमान सलग दहा आठवडे जागचे हलले नव्हते, आणि यंदाही सप्टेंबर संपेपर्यंत तेच झाले. (ज्या एव्हगॅसवर (विमानाच्या पेट्रोलवर) हे इंजिन चालते ते २०२२पासून इथल्याच कोयलीच्या रिफायनरीत तयार होते, तेव्हा इंधन मिळत नाही ही सबबही मला उरलेली नाही.) या काळात इंजिनाची काळजी म्हणून मी दर रविवारी हँगरवर जाऊन प्रोपेलरला हाताने चार-सहा फेरे देत असे आणि नंतर दहा-बारा मिनिटे इंजिन जमिनीवरच चालवून बंद करत असे. घरी पडून असलेल्या स्कूटरला आपण अधूनमधून किक मारतो, तसाच हा विचार होता.

गेल्या आठवड्यात, चार महिने पूर्ण झाले म्हणून, तेल बदलले आणि नेहमीप्रमाणे फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या कापडावर पिळून पाहिला. यापूर्वी कधी न दिसलेले बारीक, चमकदार, केसाच्या तुकड्यांसारखे कण या वेळी दिसले आणि जवळजवळ सगळेच चुंबकाला चिकटले. तेलाच्या प्रयोगशाळेतील तपासणीत लोहाचे प्रमाण मागील नमुन्याच्या सुमारे तिप्पट आले आहे. अॅल्युमिनियम वाढलेले नाही, तांबेही नाही. तेलाचा दाब योग्य आहे, चारही सिलिंडरांची गळती-चाचणी समाधानकारक आहे, आणि जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाचे फेरेही ठरल्याप्रमाणे येतात.

आमच्या परवानाधारक अभियंत्यांचे मत असे की, आणखी दहा तास साधे सरळ उड्डाण करावे, फिल्टर पुन्हा कापावा आणि मग ठरवावे. मला मात्र हा कॅमशाफ्टचा (वाल्व उघडणाऱ्या दांड्याचा) गंज वाटतो आणि झोप लागत नाही. दहा तास थांबण्यात धोका आहे का? कसरती बंद ठेवल्या, तर तो पुरेसा कमी होतो का? आणि पुढच्या पावसाळ्यात इंजिन नेमके कसे ठेवावे?

– हरणीचा_पाखरू

प्रतिसाद : जुना_पाना, नागपूर

नमस्कार. आपण फिल्टर स्वतः कापून पाहता, हे वाचून बरे वाटले; निम्मे मालक तो न उघडताच टाकून देतात.

आपला संशय मला रास्त वाटतो. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला असतो आणि त्याला तेल मिळते ते मुख्यतः उडणाऱ्या शिंतोड्यांतून. इंजिन बंद झाले की काही दिवसांत वरचे तेल निथळून खाली जाते आणि लोब (कॅमशाफ्टवरचे उंचवटे) व टॅपेट (त्यांवर टेकून वाल्व हलवणारे भाग) उघडे पडतात. आता स्कूटरच्या किकेबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जमिनीवर दहा मिनिटे चालवलेल्या इंजिनात जळणातून पाण्याची वाफ तयार होते, पण ती उडून जाण्याइतके तेल तापत नाही. म्हणजे आपण दर रविवारी आत पाणी घालून झाकण लावत होता. लायकॉमिंगच्या मते इंजिन ‘चालते’ तेव्हाच म्हणावे, जेव्हा ३० दिवसांत एकदा तरी सलग एक तास, तेलाचे तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअस ठेवून, ते चालवलेले असते. हाताने प्रोपेलर फिरवणे त्याहून वाईट, कारण लोबवर जो काही तेलाचा पापुद्रा शिल्लक असतो, तोही त्याने पुसला जातो.

पूर्ण थ्रॉटलला फेरे बरोबर आले, यावर विसंबू नये. आपला प्रोपेलर कॉन्स्टंट स्पीडचा (फेरे कायम राखणारा) आहे आणि लोब थोडा झिजून शक्ती घटली, तरी गव्हर्नर (फेरे राखणारे यंत्र) पात्यांचा कोन कमी करून ती तूट झाकतो. त्याऐवजी ठरावीक उंचीपर्यंत चढायला लागणारा वेळ जुन्या नोंदींशी ताडून पाहावा.

थांबण्याबद्दल म्हणाल, तर लोबची झीज सहसा हळूहळू होते, ती एका क्षणात इंजिन बंद पाडत नाही; आपल्या अभियंत्यांचा सल्ला म्हणूनच अविचारी नाही. पण कसरती बंद ठेवल्याने कणांचा प्रवास थांबत नाही. तेल थंड आणि घट्ट असताना फिल्टरची बायपास झडप उघडते, तेव्हा तेच कण न गाळता बेअरिंगपर्यंत जातात. शिवाय गव्हर्नर आणि प्रोपेलरचा हब त्याच तेलावर चालतात. मी आपल्या जागी असतो, तर दहा तास न उडवता दोन सिलिंडर काढून आत पाहिले असते.

प्रतिसाद : हरणीचा_पाखरू

राग कसला, चूक माझीच आहे. दोनच सिलिंडर का, आणि कोणते, हे कृपया सांगावे. स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (आत पाहण्याचा बारीक कॅमेरा) घालून भागणार नाही का?

प्रतिसाद : जुना_पाना, नागपूर

त्या भोकातून सिलिंडरची भिंत आणि वाल्व दिसतात, कॅम दिसत नाही. या इंजिनात इनटेकचा एक लोब समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना पुरतो, त्यामुळे त्याच्यावर दुप्पट काम पडते आणि झीज बहुधा तिथेच सुरू होते. पुढच्या जोडीतला एक आणि मागच्या जोडीतला एक असे सिलिंडर काढले की दोन्ही इनटेक लोब डोळ्यांनी पाहता येतात. टॅपेटच्या तोंडावर खड्डे दिसले, तर मात्र क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) उघडण्यावाचून इलाज नाही, कारण हे टॅपेट छत्रीच्या आकाराचे असल्याने बाहेरून ओढून काढता येत नाहीत. तशी वेळ आलीच, तर गव्हर्नर आणि प्रोपेलरही धुऊन तपासून घ्यावेत. नव्या कॅमशाफ्टवर जुनेच कण फिरवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यासाठी : शेवटचे उड्डाण करून इंजिन चांगले तापवावे, गरम असतानाच तेल काढून संरक्षक तेल भरावे, प्लगच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर (ओलावा शोषणारे) प्लग लावावेत आणि एक्झॉस्ट व ब्रीदर (क्रँककेसची हवेची नळी) बंद करावेत. वडोदऱ्याच्या दमट हवेत निळे जेल लवकर गुलाबी होईल, म्हणून दर आठवड्याला पाहून बदलावे. माझ्या ओळखीचे काही जण मत्स्यालयाचा छोटा पंप सिलिका जेलच्या बरणीला जोडून तीच कोरडी हवा क्रँककेसमध्ये फिरवत ठेवतात. स्वस्त आहे आणि चालते. बंद केलेल्या प्रत्येक तोंडाला लाल पट्टी बांधावी आणि प्रोपेलरवर पाटी लावावी, नाहीतर ऑक्टोबरात कोणीतरी तसेच इंजिन सुरू करेल.

प्रतिसाद : हरणीचा_पाखरू

मनापासून आभार. आमच्या अभियंत्यांना हा धागा वाचायला दिला. लॉगबुकमध्ये सही त्यांनाच करायची असल्याने निर्णयही त्यांचाच होता, आणि दहा तासांचा आग्रह त्यांनी सोडला. दोन क्रमांकाचा आणि तीन क्रमांकाचा असे सिलिंडर येत्या गुरुवारी काढायचे ठरले आहे. छायाचित्रे इथेच टाकीन. दरम्यान, माझ्या अनुपस्थितीत हँगरवरचा मुलगा मोठ्या निष्ठेने प्रोपेलर फिरवत असे, त्याला आजपासून हात लावू नको म्हणून सांगितले आहे.