अनुभव धागा: प्रार्थनेतल्या शांततेत काय ऐकू येते?

आपल्याकडे प्रार्थना म्हटली की बहुतेक वेळ आपणच बोलत असतो. आरती, स्तोत्र, नवस, गाऱ्हाणे हे सगळे आपल्या बाजूचे बोलणे झाले. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. ते श्रवण मुख्यतः कथाकीर्तनाचे, हे मान्य. पण सगळे बोलणे थांबवून नुसते कान देऊन बसणारी माणसेही आपल्या सातारा-सांगलीकडे निरनिराळ्या धर्मांत आहेत आणि त्यांच्याकडून ऐकावे म्हणून हा धागा काढला आहे. त्या शांततेत काही ऐकू येते का, आणि आले तर ते आपल्याच मनाचे बोलणे नाही हे कशावरून ठरवता, एवढे सांगावे. ऐकीव चमत्कार कृपया नकोत. ते व्हॉट्सॲपवर भरपूर मिळतात.

मिरजेहून

डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन इस्पितळाच्या निमित्ताने आमचे कुटुंब या गावात आले आणि मी स्वतःही परिचारिका म्हणूनच निवृत्त झाले. पहाटे पवित्र शास्त्रातल्या चार ओळी वाचायच्या आणि मग गप्प बसायचे, ही सवय आजीने लावली. होरेब डोंगरावरच्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आमच्याकडे या संदर्भात नेहमी सांगतात: प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, पण त्यांत परमेश्वर नव्हता, आणि त्यानंतर अगदी मंद वाणी ऐकू आली. उपदेशात ही गोष्ट बहुधा इथेच थांबते याचे मला नवल वाटते, कारण पुढचा भाग अधिक कामाचा आहे. त्या वाणीने एलीयाला कुरवाळले नाही. तू इथे काय करतोस, असे विचारले. त्याने आधी सांगितलेले रडगाणेच शब्दशः पुन्हा सांगितले, तेव्हा त्याला आल्या वाटेने परत पाठवले आणि कोणाकोणाला अभिषेक करायचा ती कामे नेमून दिली.

माझा अनुभव याच जातीचा आहे. घराच्या वाटणीवरून भावजयीशी अबोला होता, त्या काळात मी देवाकडे मनःशांती मागत असे आणि गप्प बसले की मनात फक्त तिचे नाव येत असे. झटकून टाकले तरी दुसऱ्या पहाटे ते पुन्हा हजर. पाळकसाहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले की जे ऐकू आले ते वचनाशी जुळते का, ते आपल्याला नुसते सुखावते आहे का, आणि काही दिवस गेल्यावरही ते उरते का, एवढे पाहावे. तिचे नाव मला सुखावणारे खचितच नव्हते. नाताळच्या आठवड्यात करंज्यांचा डबा घेऊन मी तिच्या दारात गेले. अबोला सुटला, वाटणीचा दावा मात्र अजून चालू आहे.

दहिवडीहून

आमचे घर गोंदवल्याच्या परंपरेतले. श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) नामावर सगळा भर दिला, आणि देवाने आपल्याशी बोलावे म्हणून वाट पाहत बसणे हीही एक मागणीच झाली, असे आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी बजावत असतात. म्हणून मी शांतता मुद्दाम धरत नाही, तेरा अक्षरांचा राममंत्र चालू ठेवतो. तरीही जपात एक जागा अशी येते की तिथे थांबावेच लागते. माळ फिरत फिरत मेरुमण्यापाशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या मोठ्या मण्यापाशी, येते, मेरू ओलांडायचा नसतो, त्यामुळे बोटांवरच माळ उलटवून शेवटचा मणी पहिला करून घ्यावा लागतो, आणि त्या खटपटीत ओठ बंद राहतात. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आले की नाम तेव्हाही चाललेलेच असते. मी ते म्हणत नसतो, ऐकत असतो. यापलीकडे कोणी काही बोलल्याचे मला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हावे ही इच्छाही आता फारशी राहिलेली नाही.

सांगलीहून

मी दिगंबर जैन आहे, त्यामुळे मला या प्रश्नातच अडचण आहे. तीर्थंकर वीतराग आहेत. ते कोणावर रागावत नाहीत आणि प्रसन्न होऊन कोणाशी बोलतही नाहीत. सामायिकाला, म्हणजे समभावाने स्थिर बसण्याच्या आमच्या नित्यसाधनेला, दोन घटिका (48 मिनिटे) बसतो तेव्हा कोणाची वाणी अपेक्षितच नसते. माझा हळदीचा व्यापार आहे, आणि खरे सांगायचे तर पहिली बरीच मिनिटे कानात मार्केट यार्डातले सौदेच चाललेले असतात: कोणाची उधारी थकली, कोणाच्या पोत्यात ओल निघाली. ते ओसरल्यावर जे उरते त्याला मी देव म्हणत नाही. मिरजेच्या ताई म्हणत असतील तर माझी हरकत नाही, पाळकसाहेबांच्या तीन कसोट्या मात्र मला पटल्या.

जतहून

उमदीच्या भाऊसाहेब महाराजांच्या परंपरेतला रोज ध्यानाला बसण्याचा नेम आमच्या घरात आहे. याच परंपरेतले गुरुदेव रानडे एके काळी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत असत. या मार्गात ध्यानात नाद ऐकू येणे मानलेले आहे, म्हणूनच एक सावधगिरीची सूचना करतो. मला बसल्यावर बारीक घंटानाद येऊ लागला, तेव्हा आमच्या काकांनी, जे स्वतः एक दिवसही नेम चुकवत नाहीत, मला आधी कानाच्या डॉक्टरांकडे धाडले. कानात मळ साचला होता. तो काढल्यावर नाद गेला, नेम राहिला.

भिलवडीहून

मला काहीही ऐकू आलेले नाही, अशा माणसाचीही नोंद धाग्यात असावी म्हणून लिहितो. औदुंबरला दत्ताच्या देवळात कृष्णेचे पाणी शिरणे आम्हाला नवे नाही, पण 2019 च्या ऑगस्टमध्ये ते आमच्या घराच्या पहिल्या मजल्याला लागले. वीज गेलेली, मोबाईल बंद पडलेले, आणि एरवी रात्रभर चालणाऱ्या पाण्याच्या मोटारीही बुडालेल्या. गच्चीवर बसून दत्तगुरूंचा धावा केला आणि मग नुसता कान देऊन बसलो. पाण्याच्या घोंघावण्याखेरीज काही आले नाही. पहाटे वरच्या आळीतला एक शेजारी गुळाच्या काहिलीत (मोठ्या कढईत) बसून आम्हाला न्यायला आला. अंधारात इकडेच यायची बुद्धी त्याला कशी झाली, देवाने काही सांगितले का, असे माझ्या आईने त्याला हात जोडून विचारले. तो म्हणाला, "द्येव कुठला काकू, तुमची म्हस वरडत हुती की रातभर." आईने तो दत्ताचाच निरोप मानला आहे आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद होतो. मी दर गुरुवारी औदुंबरला जातो आणि आरतीनंतर घाटावर थोडा वेळ गप्प बसतो. दहिवडीच्या सदस्यांना एवढेच विचारायचे आहे की ज्याचा नामाचा अभ्यास नाही त्याने त्या वेळात काय करावे.